गिरणीला सील

त्या दिवशी आमच्या गिरणीत सदतीस डबे होते. हा आकडा आईच्या डोक्यातला. पुढं दोन वर्षं तिनं तो इतक्या जणांना सांगितला की माझ्याही तोंडात बसला. पंचनाम्यात मात्र ‘धान्याचे डबे, अंदाजे पस्तीस ते चाळीस’ असं लिहिलेलं आहे. त्यातला ‘अंदाजे’ आईला अजून टोचतो.

गिरणी म्हणजे पिठाची. मुकुंदवाडी स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर आमचं घर आहे. वडील चिकलठाण्याच्या एका कंपनीत फिटर होते. नोकरीत असतानाच ते वारले, तेव्हा मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कंपनीकडून जे मिळालं त्यात आईनं घराच्या पुढं, रस्त्याला लागून, एक लांबट गाळा काढला आणि दगडाची गिरणी बसवली. नातेवाईक म्हणत होते की बाईमाणसाला गिरणी झेपायची नाही, मोटर आहे, पट्टा आहे, कुठं पदर अडकला तर काय करशील. आईनं एका म्हाताऱ्या गिरणीवाल्याकडं महिनाभर जाऊन दगडाला टाकी लावायला शिकून घेतलं. दळून दळून दगड गुळगुळीत होतात, त्यांना छिन्नीनं पुन्हा खरबरीत करायचं, ते काम. ते तिनं कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही.

डब्यांवर ती नावं लिहीत नसे. कुणाच्या डब्याला पोचा, कुणाच्या झाकणाला सुतळी, कुणाची कडी तुटलेली, त्यावरून तिला सगळं कळायचं. कुणाची ज्वारी भाकरीसाठी बारीक हवी, कुणाचे गहू जाडसर, कुणाच्या घरात पथ्याचं दळण आहे म्हणून आधी गिरणी झाडून घ्यायची, हेही ध्यानात. दुपारी एकला बंद, चारला पुन्हा सुरू. मी कंपनीला लागलो, माझं लग्न झालं, आणि आमच्या घराला कधी कुणाकडं हात पसरावा लागला नाही, ते ह्या गिरणीमुळं.

पुढं घरोघरी छोट्या चक्क्या आल्या. डबे कमी झाले. गाळ्याची अर्धी जागा नुसती पडून राहायला लागली. तेव्हा मधे प्लायवूडचा पडदा घालून अर्धा भाग भाड्यानं द्यायची कल्पना माझी. आईला ती फारशी पटली नव्हती. शटर एकच आहे, परका माणूस रोज आपल्या अंगावरून जाणार, म्हणाली. मी म्हणालो, दिवसभर तर तू असतेस, जाईल तिकडं लक्ष ठेव.

भाडेकरू मीच आणला. कंपनीतल्या ओळखीतून आला होता. चाळिशीचा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, हळू बोलणारा. घरात यायचा तर चपला बाहेर काढून यायचा. आईला मावशी म्हणायचा. बिस्किटं, चिवड्याची पाकिटं, मुखवास असा होलसेल माल ठेवायचा आहे म्हणाला. नोटरीकडून करारनामा केला. घर आणि गाळा वडिलांमागं आईच्या नावावर झालेला, म्हणून सही आईची. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, तो फॉर्म मी आणून त्याच्या हातात दिला. फोटो लावून देतो म्हणाला. मी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही.

तीन-चार महिन्यांनी एकदा आईनं मला विचारलं, "त्याच्या पोत्यांना वास कशाचा येतो रं? गोडसर, डोक्यात जातो."

मी सांगितलं, सुगंधी सुपारी असते, मुखवासात घालतात. तिनं मान हलवली आणि कामाला लागली.

नंतर एका दुपारी, मी सेकंड शिफ्टला निघालो असताना, गाडीतून उतरवताना त्याचं एक पोतं फाटलं. आतून माळांसारख्या जोडलेल्या पुड्या रस्त्यावर सांडल्या. त्या कशाच्या होत्या हे ह्या राज्यातल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. गुटखा. टपऱ्यांवर तो खालून मिळतो आणि त्याच्यावर बंदी आहे, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्यानं पुड्या गोळा केल्या, माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "दादा, आपल्याकडं राहत नाही हे. दोन दिवसांत पुढं जातं." मी घड्याळ बघितलं आणि कंपनीची बस पकडायला गेलो. आईला काही सांगितलं नाही. तो भाडं वेळेवर देत होता, वागायला चांगला होता, आणि हाकलायचा म्हटलं तर भांडण झालं असतं. एवढीच माझी कारणं. मोठं कारण एकही नव्हतं.

छापा पडला तो सकाळी अकराच्या सुमाराला. मी पहिल्या शिफ्टला होतो, बायकोचा फोन आला. मी पोचलो तेव्हा पोलिसांची आणि अन्नखात्याची अशा दोन गाड्या दारात उभ्या होत्या, गल्ली भरली होती आणि आई गिरणीजवळ उभी होती. अन्नखात्याच्या साहेबांनी मोटर बंद करायला सांगितलं तेव्हा गिरणीत कुणाचं तरी बाजरीचं दळण चालू होतं. अर्धं पीठ खाली आलेलं, अर्धे दाणे वरच. अर्धवट दळण गिरणीत ठेवू नये, असं ती नेहमी मानायची. तिनं दोन मिनिटं मागितली. साहेब उद्धट नव्हते, पण त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

भाडेकरू नव्हता. त्याचा फोन बंद होता. पलीकडच्या भागातून पोती बाहेर काढून रस्त्यावर रचली, फोटो काढले, गल्लीतल्याच दोघांना पंच केलं. मग त्यांनी शटर ओढायला घेतलं, तेव्हा आई पुढं झाली.

"साहेब, हा अर्धा भाग माझा आहे. माझी गिरणी आहे. लोकांचे डबे आहेत आत."

साहेबांनी प्लायवूडच्या पडद्यावर बोटानं टकटक केलं. "मावशी, शटर एकच आहे ना?"

"व्हय."

"मग जागा एकच आहे. जे सांगायचं ते कोर्टात सांगा."

निदान डबे तरी बाहेर काढू द्या, असं मीही म्हणालो. ते म्हणाले, एकदा पंचनामा सुरू झाला की आतलं काही हलवता येत नाही. खालच्या कडीला कुलूप, त्यावर पट्टी, पट्टीवर सह्या, आणि लाखेचा शिक्का. लाख वितळवायला त्यांनी आमच्याच घरून काडेपेटी मागून घेतली.

दुपारी आईला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. मी बरोबर गेलो. मला खोलीत बसू दिलं नाही, पण दार उघडं होतं आणि मी चौकटीशी उभा होतो. टाइप करणारा हवालदार एक एक प्रश्न विचारत होता. भाडेकरू कुणी आणला, माहिती ठाण्यात का दिली नाही, माल कधी यायचा. आई सरळ उत्तरं देत होती. मग त्यानं विचारलं, मालाचा वास येत नव्हता का? इतका उग्र वास असतो.

आईनं एकदा दाराकडं पाहिलं. म्हणाली, "नाय. पंधरा वर्षं पिठात काढली, नाक बसलंय माझं. मला कसलाच वास येत नाय."

तिला सगळे वास येतात. डब्याचं झाकण उघडलं की ज्वारी जुनी आहे का नवी, ते ती न बघता सांगायची. ती खोटं का बोलली ते मला तिथंच कळलं. येत होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कुणाला विचारलं, आणि त्याचं उत्तर मी होतो. हवालदारानं तिचं वाक्य टाइप केलं, वाचून दाखवलं, तिनं सही केली. मी चौकटीशी उभा राहिलो.

गुन्ह्यात तीन नावं होती. भाडेकरू, तो फरार. माल आणणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर. आणि जागामालक म्हणून माझी आई.

आम्ही वकील केले ते जिल्हा कोर्टात बसणारे, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी आधी आईचा अटकपूर्व जामीन करून घेतला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी, ही अट. आई सोमवारी सकाळी धुतलेलं लुगडं नेसून, केस नीट बांधून जायची आणि बाकावर बसून राहायची. कधी दहा मिनिटांत सही व्हायची, कधी दोन वाजायचे. गल्लीत लोक विचारायचे नाहीत, पण सोमवारी ती निघाली की ओट्यावरचं बोलणं थांबायचं.

गिरणी सोडवायचं काम वेगळं होतं. मी वकिलांना म्हणालो, गिरणीचा गुटख्याशी काय संबंध? ते म्हणाले, संबंध नाही हे आपल्याला दाखवावं लागेल. आईला माहीत नव्हतं हेही आपल्यालाच दाखवावं लागेल.

आई म्हणाली, "जे मला माहीत नव्हतं, ते मी कुठून आणून दाखवू?"

वकिलांनी चष्मा पुसला. "ताई, कोर्टाला कागद लागतो. तुमच्याकडं एकच कागद असता तर काम सोपं होतं. भाडेकरूची माहिती दिल्याची पोच." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही, पण मी खाली बघितलं.

पहिल्या आठवड्यातच डब्यांचे मालक यायला लागले. रागावून कुणी आलं नाही. कुणाला डबाच दुसरा नव्हता, कुणाकडं पाहुणे येणार होते. आईनं माझ्या मुलीच्या वहीत सदतीस जणांची यादी लिहिली. कुणाची ज्वारी, कुणाचे गहू, किती पायल्या, सगळं आठवणीनं. मग सिल्लोडला तिच्या भावाला फोन केला. त्यानं ज्वारीची दोन पोती आणि गहू पाठवले. ते निवडून, पिशव्यांत भरून ती दुसऱ्या गल्लीतल्या गिरणीवर जाऊन उभी राहिली. तो गिरणीवाला चांगला माणूस, त्यानं तिला खुर्ची दिली, आधी दळून देतो म्हणाला. तिनं नंबर सोडला नाही. पुढं सहा बायका होत्या, त्यातल्या चार आमच्याकडं यायच्या. त्या तिच्याकडं न बघता एकमेकींशी बोलत होत्या, असं बायकोनं मला सांगितलं. आईनं सांगितलं नाही.

पीठ घरोघर तिनं स्वतः पोचवलं. मागच्या गल्लीत एक मुसलमान मावशी राहतात, सगळे त्यांना खाला म्हणतात, मूळच्या खुलताबादच्या, त्यांच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचा डबा पितळेचा होता, त्यांच्या आईनं लग्नात दिलेला. आई पिशवी घेऊन गेली तेव्हा त्यांनी ती परत आईच्या हातात दिली. म्हणाल्या, "आटा नको मेरेकू. डिब्बा जब निकलेगा तब निकलेगा. तुम रोना नक्को." आई तिथं रडली नाही. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि मग बराच वेळ मोरीत भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

अर्ज कोर्टात लागला. पोलिसांचं म्हणणं यायला चार तारखा गेल्या. त्यांचं म्हणणं आलं की सील अन्नखात्याच्या अधिकाऱ्यांचं आहे. त्या ऑफिसात गेलो तर तिथं सांगितलं की गुन्हा दाखल झालाय, आता कोर्टाचा आदेश आणा. मधे न्यायाधीशांची बदली झाली. करारनाम्यावर औरंगाबाद आणि गुन्ह्याच्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर, पत्ता एकच, तरी तेवढ्यासाठी एक प्रतिज्ञापत्र करावं लागलं. मी कंपनीतून रजा टाकायचो, आई आणि मी सकाळी जाऊन व्हरांड्यात बसायचो, दुपारी पुढची तारीख घेऊन यायचो.

पहिल्या पावसाळ्यानंतर शटरच्या खालून किडे बाहेर यायला लागले. आधी टोके, मग पांढऱ्या अळ्या, भिंतीवरून वर चढायच्या. आत सदतीस डब्यांतलं धान्य सडत होतं. घूस शिरल्याचा आवाज घरातून ऐकू यायचा, कारण गाळ्याची मागची भिंत म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची भिंत. आई भाकरी थापताना थांबायची आणि कान देऊन ऐकायची. एकदा म्हणाली, "पट्टा कुरतडतीय." मी ठाण्यात अर्ज दिला की निदान धान्य तरी काढू द्या, रोगराई होईल. तो आवक-जावकच्या रजिस्टरला चढला. मीटर आईच्याच नावाचं होतं, बंद गिरणीचं वीजबिल दर महिन्याला दाराच्या फटीत येऊन पडायचं.

अर्जावर युक्तिवाद झाला त्या दिवशी सरकारी वकिलांनी आईचा जबाब वाचून दाखवला. तरुण होते, आवाज मोठा करत नव्हते. ते म्हणाले, ह्या बाई दिवसातले आठ तास त्याच गाळ्यात होत्या. मधे प्लायवूडचा एक पातळ पडदा. जप्त मालाचा वास पंचांनाही रस्त्यावर आला, तसं पंचनाम्यात आहे. आणि ह्या म्हणतात, मला कसलाच वास येत नाही. हे पटण्यासारखं नाही. त्यांना माहीत होतं आणि त्या लपवत आहेत, असाच त्याचा अर्थ होतो.

आईला सगळं कळलं असेल असं नाही, पण ‘वास’ हा शब्द तिनं ऐकला. ती हात जोडून उभी होती. मी मागच्या बाकावर होतो. उठून बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं.

त्या दिवशी अर्ज फेटाळला. आम्ही रिक्षा न करता चालत निघालो. एका रसवंतीत बसलो. आईनं रस घेतला नाही, पाणी प्यायली. मी तिला तिथं सांगितलं. पोतं फाटल्याचं, पुड्या बघितल्याचं, तो काय म्हणाला ते. मान खाली घालूनच सांगितलं. वर बघितलं तर ती रस्त्याकडं बघत होती.

तिकडंच बघत म्हणाली, "बायकोला सांगितलंस?"

"नाही."

"मग आता कुणालाच सांगू नको. एक माणूस अडकलंय तेवढं पुरं."

मी म्हणालो, मी साहेबांपुढं जाऊन खरं सांगतो. आईला काहीच माहीत नव्हतं, सगळं मी ठरवलं, मी बघितलं. ती एकदम कडक झाली. "आणि घर कोण चालवंल? माझी गिरणी बंद, तुझी कंपनी बंद. पोरगी शाळेत जाती. गप बस."

तरी मी वकिलांकडं एकटा गेलो. मित्राची गोष्ट म्हणून सांगितली. त्यांना दोन वाक्यांत कळलं असावं. म्हणाले, "तुमचा तो मित्र पुढं आला तर त्याची नोकरी जाईल हे नक्की. त्याची आई सुटेल हे नक्की नाही. दोघांनी मिळून केलं, असंही म्हणता येतं." त्यांनी फाईल बांधली आणि म्हणाले, आपण वरच्या कोर्टात जाऊ. मी त्यांच्या टेबलावरून उठलो तेव्हा मला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मी अजून विसरलेलो नाही. आईनं सांगितलं म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण वकिलांनी उलटं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला ठाऊक नाही.

वरच्या कोर्टात आणखी सात-आठ महिने गेले. तिथल्या न्यायाधीशांनी पंचनामा नीट वाचला. त्यांनी विचारलं, गिरणीचा वापर गुन्ह्यात झाल्याचं कुठं म्हटलं आहे? तसं कुठंच नव्हतं. मग लोकांच्या घरचं दळण कशासाठी अडकवलंय? सरकारी वकील फाईल चाळायला लागले. गिरणी सोडायचा आदेश पाच-सात मिनिटांत झाला. ज्यासाठी जवळजवळ दोन वर्षं गेली तो प्रश्न एवढाच होता. आई त्या दिवशी आली नव्हती, तिला ताप होता. मी फोनवर सांगितलं तर तिनं विचारलं, डबे पण का? मी हो म्हणालो.

सील काढायला एक अधिकारी आणि दोन शिपाई आले. शटर वर जाईना, गंजलं होतं. तिघांनी मिळून उचललं तेव्हा आतून जो भपकारा आला त्यानं सगळे मागं सरले. आई सरली नाही. पदर नाकाला लावून आत गेली. पट्टा तीन ठिकाणी तुटला होता. मोटरीच्या वायरी घुशींनी खाल्ल्या होत्या. छताची एक फट झिरपून पाणी थेट दगडावर पडत होतं, आणि त्या दिवशी अर्धवट राहिलेलं बाजरीचं दळण भिजून, सडून, दोन दगडांमधे सिमेंटासारखं बसलं होतं. तिनं वरच्या दगडावर हात ठेवला, ढकलून पाहिला. तो हलला नाही. तिनं पुन्हा ढकलून पाहिला नाही.

अधिकाऱ्यांनी सुपूर्दनाम्याचा कागद पुढं केला आणि वाचून दाखवला. खटला संपेपर्यंत गिरणी आणि मोटर विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, तिच्यात फेरबदल करायचा नाही, कोर्ट मागेल तेव्हा आहे त्या स्थितीत हजर करायची. आईनं विचारलं, दगड काढून बदलायचा तर? ते म्हणाले, तो फेरबदल होईल, परवानगी घ्यावी लागेल. तिनं सही केली.

मग दोन दिवस ती आणि माझी बायको डबे घासत होत्या. आतलं सगळं मी टोपल्यांनी नेऊन लांब खड्ड्यात पुरलं. पत्र्याचे डबे बरेच गंजून भोकं पडलेले, ते तसेच तिनं धुऊन, वाळवून ज्याचे त्याला नेऊन दिले. काहींनी घेतले, काही म्हणाले आता काय करायचे, टाकून द्या. तीन घरं गल्ली सोडून गेली होती, त्यांचे डबे आमच्याकडंच आहेत. खालांच्या पितळेच्या डब्याला आतून हिरवा थर धरला होता. चिंच लावून तिनं तो तीनदा घासला. खालांनी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि आईला चहाला बसवून घेतलं. दोघी त्या दुपारी बराच वेळ बोलत बसल्या, एवढं मला माहीत आहे. काय बोलल्या ते नाही.

गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. दगड बदलायच्या परवानगीचा अर्ज करू, असं वकील म्हणाले होते, आईनं नको म्हटलं. मधे खुलताबादकडच्या एका खेड्यातून एक माणूस आला, त्याला जुनी गिरणी हवी होती, दुरुस्त करून चालवणार होता. आईनं त्याला सगळं फिरून दाखवलं, दगड कुठल्या खाणीचा, टाकी किती दिवसांनी लावावी लागते, सगळं सांगितलं. शेवटी तिनं त्याला सांगितलं की विकता येत नाही. तो म्हणाला, तुमचीच आहे ना? ती म्हणाली, "माझ्या ताब्यात आहे."

आता ती एका मेसमध्ये सकाळी पोळ्या लाटायला जाते. सोमवारची हजेरी कधीच संपली, पण खटला अजून उभा राहिलेला नाही. भाडेकरू सापडलेला नाही. ड्रायव्हर दर तारखेला येतो, आईला नमस्कार करतो, लांब जाऊन बसतो. तारखा दोन-अडीच महिन्यांनी पडतात. मी रजा टाकून बरोबर जातो, तेवढं मी चुकवलेलं नाही.

मागच्या तारखेला व्हरांड्यातल्या बाकावर एक तरुण बाई आईशेजारी येऊन बसली. तिची पहिलीच वेळ असावी, सारखी हातातला कागद उलगडून बघत होती. तिनं आईला विचारलं, तुमची कशाची केस?

"गाळा भाड्यानं दिला होता," आई म्हणाली.

"मग?"

आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढं धरली आणि म्हणाली, "पी. तुझं नाव पुकारायला अजून लई वेळ हाय."